पंगतीतली चिठ्ठी

आमच्या राजापेठेतला गजूभाऊ मेडिकलवाला स्वतःलासुद्धा चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही. त्याची बीपीची गोळी संपली तेव्हा तो डॉक्टरकडे रांगेत बसून चिठ्ठी घेऊन आला, गिऱ्हाइकाच्या बाजूने काउंटरवर ठेवली, मग आत जाऊन ती उचलली आणि संशयाने बाहेर पाहत म्हणाला, "पेशंट कोन हाये?" खोटं वाटत असेल तर अख्ख्या अमरावतीला विचारा.

एका रविवारी आमच्या बाबांची फिटची गोळी संपली. संध्याकाळची चुकली की बाबा पडतात. चिठ्ठीची मुदत गेलेली, दुसऱ्या दुकानांत ती गोळी नाही, डॉक्टर अचलपूरला लग्नाला गेलेले आणि त्यांचा फोन बँडच्या आवाजात नुसता वाजून राहिलेला.

मी म्हटलं, "गजूभाऊ, अमेरिकेत म्हणे अडीनडीला औषधवाला चार गोळ्या देतो."

"मंग अमेरिकेतून आन. इथं कायदा हाये."

"अन् बाबा पडले तर?"

त्याने गोळ्यांची पट्टी खिशात टाकली, शटर ओढलं आणि स्कूटर काढली. "बस मांगं."

गोळ्या त्याच्या खिशात, चिठ्ठी अचलपुरात आणि मी मधे. वाटेत त्याने स्कूटर अशी हाणली की परतवाड्याच्या एसटीने आम्हाला बाजू दिली.

डॉक्टर पंगतीत जिलबीवर होते. गजूभाऊ समोर उकिडवा बसला. "साहेब, हात धुवा. चिठ्ठी पाह्यजे."

डॉक्टरांनी निमूट लिहिली. व्याह्यांना वाटलं, आहेर लिहून घेताहेत.

"रजिस्ट्रेशन नंबर राह्यला."

"अरे, पंगतीत कोन नंबर टाकते?"

"तुमी."

दिवेलागणीला आम्ही परतलो. गजूभाऊने चिठ्ठीवर शिक्का मारला, मग आमच्या घरी येऊन बाबांना स्वतःच्या हाताने गोळी दिली. पाणी पाजलं. जीभ वर करायला लावून गोळी गेली का तेही पाहिलं. तरी निघेना. खाटेपाशी जमिनीवरच बसून बाबांचे पाय चेपत राहिला.

"गजू, दिवसभर फिरला तू," बाबा म्हणाले. "जा आता, घरी वाट पायत असतीन."

"कोन पायते, काका," तो म्हणाला, आणि चेपत राहिला.

बाबांनी पाय जवळ ओढून घेतले आणि खाटेवर त्याला बसायला जागा करून दिली.