रविवारच्या आत बस विकायची आहे

विकण्यातलं मला कुणी शिकवू नये! जी वस्तू दिसत नाही, हातात येत नाही, आणि कामी आली तरी ते बघायला घेणारा नसतो, ती मी आयुष्यभर विकत आलोय. मी विमा एजंट आहे. त्यामुळे 'रविवारच्या आत ही बस अंगणातून हलली पाहिजे,' असं बायकोने बजावलं तेव्हा मी नुसता हसलो.

एका शाळेने मोडीत काढलेली ही पिवळी बस. तिचं फिरतं घर करायचा माझा बेत होता. बाकं उपटली, ओटा केला, निम्मा पलंग केला. नळही बसवला, फक्त त्याला पाणी कुठून यायचं हा प्रश्न पुढे ढकलला. मग हौस फिटली. बसने मात्र अंगणात ठाण मांडलं, आणि नेमकी तीच जागा बायकोला रोपवाटिकेसाठी हवी होती. बिचारीने त्यासाठी नोकरी सोडली होती. रोपांचा टेम्पो रविवारी येणार होता.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी. बाईंना ओटा फार आवडला.

"अहो, इथे चहा करता करता डोंगर दिसेल!"

"दिसेल ना," मी म्हणालो. "पण समजा, वळणावर गाडी कलंडली आणि उकळता चहा सरांच्या अंगावर आला तर?"

जित्याची खोड! जीभ आपोआप वळली.

"तर काय होईल?" बाईंनी घाबरून विचारलं.

मी सांगितलं. अगदी तपशीलवार सांगितलं. दोघं एकमेकांचा हात धरून खाली उतरले, ओसरीवर बसले आणि पाणी मागितलं.

ते गेल्यावर बायको धावत आली. "विकली?"

"विकल्या! दोन!"

"दोन काय?"

"पॉलिसी."

दुसरा एक दाढीवाला फोटोग्राफर. त्याला एकट्याने जंगलात राहायचं होतं. वाघाला भीत नव्हता, विंचवाला भीत नव्हता.

"घरी कोण असतं?" मी सहज विचारलं.

"आई."

"तुमच्यामागे तिला कोण?"

गडी निम्म्या पलंगावर बसून ढसाढसा रडला. सही करून तसाच आईकडे राहायला गेला.

शनिवारपर्यंत गिऱ्हाइकांची रीघ लागली. बस कुणी घेतली नाही, पण विम्याशिवाय कुणी परत गेलं नाही. साहेबांचा फोन आला, "एवढी माणसं मिळतात कुठे तुम्हाला?" बायकोने मात्र जेवताना ताट माझ्यापुढे आदळलं.

"उद्या एक जण येतोय. तुम्ही तोंड उघडायचं नाही! मान हलवा फक्त. बोलेन मी."

रविवारी तो माणूस आला आणि नेमका त्याच वेळी टेम्पोही आला. बायको फाटकाकडे पळाली. जाताना तिने ओठांवर बोट ठेवून मला बजावलं.

माणूस टापटीप होता. बसभोवती फिरला. वर बघितलं.

"कायम झाडाखालीच उभी असते?"

मी मान हलवली.

"फांदी पडली म्हणजे?"

मी वर फांदीकडे पाहिलं.

"शेजारची मुलं आत खेळतात वाटतं. एखादं पायरीवरून पडलं, तर जबाबदार कोण?"

हे कधी सुचलंच नव्हतं! मी दुसऱ्यांची काळजी करत हिंडलो, पण माझी काळजी आजवर कुणी केली नव्हती. मला भरून आलं. त्याने हळूच बॅग उघडली. तशी बॅग कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. रोज सकाळी, माझ्याच हातात!

पण तोवर माझी सही झाली होती.

बायको आली. "झाला व्यवहार?"

मी मान हलवली.

तिचा चेहरा असा खुलला की मला खरंच वाईट वाटलं. "उतरवा हो!" ती टेम्पोवाल्याला ओरडली. मग तिने फाटकाकडे पाहिलं. माणूस बॅग घेऊन चालला होता. पायी.

"आणि बस?"

"आता काही काळजी नाही," मी म्हणालो. "जळाली, चोरीला गेली, झाड कोसळलं, तरी सगळं भरून मिळेल."

टेम्पोवाल्याला अंगणात जागा दिसेना. त्याने रोपं सरळ बसमध्ये मांडायला घेतली, ओट्यावर, पलंगावर, नळाखाली.

बायको शांतपणे म्हणाली, "आणि विकली गेली तर?"

मी कागद उलटून पाहिला. तो धोका त्यांनी धरलाच नव्हता.