कुर्लीमावशीची नांगी आणि राजाची घाई

एका जंगलात, मुलांनो, एक ओढा होता आणि ओढ्यात कुर्लीमावशी राहायची. कुर्ली म्हणजे खेकड्याची मादी. तिच्या नांगीत एक खाच होती. चारोळीची कठीण बी त्या खाचेत अगदी मापात बसायची. बसली की कट्! टरफल वेगळं, दाणा वेगळा. नांगी मात्र जशीच्या तशी, पुढच्या बीसाठी उघडी.

आपल्या पोटातही अशा असंख्य बारीक कुर्ल्या असतात, मुलांनो. पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. त्या आपली भाकरी फोडतात आणि स्वतः शाबूत राहतात.

तर, सिंहराजाच्या मुलीचं लग्न निघालं. बासुंदीत चारोळी हवी! वानरांनी मावशीपुढे मूठभर बिया टाकल्या. मावशीने फोडल्या. दोन मुठी टाकल्या. तिने दुप्पट वेगाने फोडल्या, कारण आता पुढच्या बीची फारशी वाट बघावी लागत नव्हती.

प्रधान कोल्हा उडालाच. "महाराज, सापडलं! जितक्या बिया, तितका वेग! ढीग ओता!"

ढीग ओतला. मावशीला गळा नव्हता, नाहीतर ती गळ्यापर्यंत बुडाली असती. वेग जरासा वाढला आणि तिथेच अडला.

"अगं मावशे, हात चालव की!" प्रधान ओरडला.

"खाचेची नांगी एकच आहे, बाबा. तिच्यात बी असताना दुसरी कुठे घालू? तुझ्या कानात? माझी बहीण त्या दगडाखाली रिकामी बसलीय. तिला बोलाव."

"म्हणजे तुझ्यासारखं तिलाही लग्नाचं लुगडं द्यायचं? छे!"

राजा गुरगुरला, "वऱ्हाड यायच्या आत चारोळी झाली नाही, तर मावशीची नांगी उपटून बासुंदीत टाकीन."

मावशी घाबरली.

तेवढ्यात एक वानर म्हणालं, "दुपारी ओढा कोमट झाला की मावशी भराभर फोडते."

"मग उन्हाची वाट कशाला?" राजा म्हणाला. "कढई आणा!"

कढईत पाणी, पाण्यात मावशी, खाली जाळ. पाणी कोमटलं. कट् कट् कट्! वानरं नाचली. प्रधान एकटाच फुगडी घालू लागला.

"आता बास हं," मावशी म्हणाली आणि टुणकन काठावर चढली. "आणखी तापलं तर नांगी वाकडी होईल. मग गार पाण्यात ठेवली तरी सरळ व्हायची नाही."

"कोमटात एवढं, तर उकळत्यात किती!" राजा ओरडला. "लाकडं घाला! आणि हिला परत आत ढकला!"

पाणी खदखदलं. मावशीने नांग्या जोडल्या. "ढकला, महाराज. पण लग्नकार्य आहे. पहिला मान मुलीच्या बापाचा. आधी आपली शेपूट बुडवा."

मान म्हटल्यावर राजा कसला मागे हटतो? त्याने ऐटीत शेपूट बुडवली.

मुलांनो, ती डरकाळी सासरच्या गावाला ऐकू गेली. कढई उलटली. जाळ विझला. बिया ओढ्यात सांडल्या. मावशीने ओढ्यात उडी मारली. पाठोपाठ राजाही शेपूट धरून गार पाण्यात जाऊन बसला.

गोंधळ ऐकून मावशीची बहीण दगडाखालून बाहेर आली. बिया बघून तिला राहवेना. कट्! दोन कुर्ल्या, दुप्पट वेग. वऱ्हाड पोचलं तेव्हा बासुंदीत चारोळी तरंगत होती.

प्रधानाने भर मांडवात जाहीर केलं, "महाराजांची शेपूट पोळली आणि वेग दुप्पट झाला! आता दर लग्नात असंच करायचं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजाला मोठ्या मनाने मान डोलवावी लागली.

तात्पर्य: दुसरी कुर्ली बोलावण्याआधी कढई जरूर तापवून बघावी, पण पहिला मान वरिष्ठांना द्यायला विसरू नये.