आईची रेष आणि माझी चिप

आईच्या जेवणाची वेळ यंत्रानं सांगायची, असं मी एका रविवारी ठरवलं. (रविवारी मी काही ठरवलं की सोमवारी घर निस्तरत बसतं, हे दीपालीचं मत. दीपाली म्हणजे बायको.)

आम्ही पलूसचे जैन. सूर्य मावळला की आईचं अन्नपाणी बंद, ते थेट सकाळी. घड्याळावर तिचा विश्वास नाही. खिडकीशी बसून तळहात बघायचा, रेषा दिसेनाशा झाल्या की ताटावरनं उठायचं, हा तिचा नेम. पण हल्ली ती अर्धी भाकरी टाकूनच उठायची आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती.

मी सोसायटीत क्लार्क असलो तरी मोबाइलवर बघून इलेक्ट्रॉनिक्स शिकलोय. एक चिमुकली चिप मागवली. तिच्यात कम्पॅरेटर असतो. त्याचं काम एकच: बाहेरचा उजेड आपण ठरवलेल्या खुणेपेक्षा कमी झाला का, एवढंच तोलत बसायचं. तोवर बाकी चिप झोपलेली, म्हणून बटणाएवढा सेल वर्षभर पुरतो. खूण ओलांडली की कम्पॅरेटर चिपला उठवतो आणि ती शिट्टी मारते. (आमच्या ऑफिसातही शिपाई एकटा जागा असतो. साहेब आले की आम्हाला उठवतो.)

पुढच्या रविवारी संध्याकाळी खूण ठरवायला आईलाच खिडकीशी बसवलं.

"दिसंनात रं आता," ती म्हणाली. मी त्या उजेडाला खुणेचा स्क्रू पक्का केला. नजर स्क्रूवर होती, बाहेर बघितलंच नाही.

सोमवारी आई जेवायला बसली आणि दुसऱ्याच घासाला यंत्र किंचाळलं. ती उठली. मंगळवारीही तेच. बुधवारी दीपाली लाटणं घेऊनच बाहेर आली.

"आवं, अंगणात ऊन हाय अजून! पापड वाळत्यात माझं! बंद करा ते!"

"यंत्राला बोलू नगंस," आई म्हणाली. "बरोबर हाय ते. मला बी रेषा दिसंनात."

दीपालीनं तिचा हात धरला. "मला तर समद्या दिसत्यात, आई."

"सा म्हैनं झालं," आई हळूच म्हणाली. "म्हटलं, दिस आखूड झालं आसत्याल."

वैशाखात! यंत्र चोख होतं. त्यानं आईच्या डोळ्यांचीच खूण धरली होती. सहा महिने ती भर उजेडात उपाशी उठत होती आणि मी शेजारी बसून चटणी मागत होतो.

मिरजेत डॉक्टरांनी मोतीबिंदू काढला. महिन्याभरानं हिरवी पट्टी सुटली, काळा चष्मा गेला, आणि मी आईच्या नव्या डोळ्यांनी खूण पुन्हा लावली. त्या संध्याकाळी तिनं दोन भाकरी खाल्ल्या, वर ताक मागितलं. मला इतका आनंद झाला की यंत्राशेजारी छाती काढून उभाच राहिलो.

आईनं चूळ भरली, तळहात बघितला. "रेषा गेल्या की रं जिनू. तुजं यंत्र का गप?"

मी सेल काढला, घातला, फुंकर मारली. गपच.

"जरा बाजूला सरक," आई म्हणाली.

मी सरकलो. यंत्र किंचाळलं.

"आवं, स्वैपाकघरातल्या दिव्याचा उजेड यांच्या डोक्यावरनं उसळून त्येच्यावर पडत हुता," दीपाली म्हणाली.

आई माझ्याकडं टक लावून बघत राहिली. "व्हय रं," तिनं काळजीनं विचारलं, "केस कवा गेलं तुजं?"