दत्तूनानांचे टाके

आमच्या वाचनालयातल्या दत्तूनानांच्या टोपीत कायम एक सुई खोचलेली असायची, दोऱ्यासकट. बटणं लावायला नव्हे, पुस्तकातली दुःखाची पानं शिवायला.

शाळेत खायला सुकडी मिळायची, ते दुष्काळाचे दिवस. शेवगावकडच्या आमच्या गावात ग्रंथपाल, शिपाई सगळं नानाच. नवं पुस्तक आलं की आधी ते वाचायला घेणार. त्यात कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न मोडलं, की पुढची पानं टाके घालून बंद. वर चिठ्ठी : 'इथे थोडा त्रास आहे. पुढे सगळे बरे.'

"लोकांच्या घरात रडायला काय कमी हाय का?" म्हणायचे.

एका रहस्यकथेची शेवटची बारा पानं त्यांनी अशीच शिवली. तालमीतला बाबू पैलवान अगदी काकुळतीला आला. "नाना, खून कुनी केला तेवढं तरी सांगा."

"केला आसंल कुनीतरी. पस्तावला आसंल आता. जाऊ दे."

गावाला तो खुनी काही कळला नाही. मला कळला. मी दहा वर्षांची, वाचनाची हावरट. टाके उसवायचे, वाचायचं आणि परत शिवून द्यायचं. माझे टाके नानांपेक्षा बारीक पडायचे, हे मुद्दाम सांगते.

त्याच साली आईला पोटात गाठ झाली म्हणून नगरच्या दवाखान्यात नेलं. माझे वडील, अण्णा, तेही तिकडेच. मी आत्याकडे. काही विचारलं की आत्या म्हणायची, "बरी हाय, येईल." पंधरा दिवस हेच. शेजारच्या बायका मला बघून गप्प व्हायच्या. मला असा संताप आला की तडक वाचनालयात गेले.

"नाना, माझी आई मरनार हाय का? खरं सांगा. तुमी शिवलेली समदी पानं मी वाचलीत."

"समदी?"

"समदी."

"मी तर न्हाई वाचली," नाना हळूच म्हणाले. "वाईट येनार आसं वाटलं की तिथंच शिवतो. आमची ही गेल्यापास्नं न्हाई वाचवत, पोरी."

दुसऱ्या दिवशी वाचनालयाला कुलूप. संध्याकाळच्या एस.टी.तून नाना उतरले, ते थेट आत्याच्या ओट्यावर येऊन बसले.

"तुझ्या आईशी वॉर्डाच्या दारातनंच बोललो. डाक्टरला भेटलो. गाठ मोठी हाय. बुधवारी ऑपरेशन. डाक्टर म्हनला, सांगता येत न्हाई."

"अवो नाना, पोरीला काय सांगताय?" आत्या मध्ये पडली.

पण नाना थांबले नाहीत. "आई तुझी लई वाट बघती. उद्या सकाळच्या गाडीनं मी नेतो तुला."

मी रडले, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, पोटभर. नाना तर माझ्याहून जास्त. शेवटी मीच त्यांना पाणी आणून दिलं.

सकाळी वॉर्डात मी आईला जाऊन बिलगले. नाना दारातच थबकले, आत आलेच नाहीत.

आई त्या दुखण्यातून उठली. पुढं कधीतरी तिनंच मला सांगितलं. नानांची बायको त्याच वॉर्डात वारली होती. त्यानंतर सात वर्षं नानांनी नगरची गाडी धरली नव्हती. त्या आठवड्यात दोनदा धरली.