तीन दुकानांचे तीन पहिले नंबर

घरातला कॉम्प्युटर बदलायचा, आणि तो मी बदलायचा, हा निर्णय मी एका मंगळवारी कांदा चिरता चिरता घेतला. घाईत घेतला असं कोणी म्हणू नये. मी खरेदी विभागात बावीस वर्षं काढलेला माणूस आहे. टाचण्यांपासून लिफ्टपर्यंत सगळं मी ऑफिसला घेऊन दिलेलं आहे. (लिफ्ट चालते. तिसऱ्या मजल्यावर थांबत नाही, पण चालते.)

कॉम्प्युटर लागत होता तो बायकोला. बायको फार्मासिस्ट आहे. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावते आणि संध्याकाळी घरी आली की टेबलाला स्टिअरिंग जोडून कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळते. नुसती खेळत नाही, चौघीजणींच्या टीमची ती कॅप्टन आहे, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांची टीम फायनलला पोचली होती. फायनल रविवारी चार वाजता. आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरने नेमकी तेव्हाच मान टाकायला सुरुवात केली होती. वळण आलं की चित्र अर्धा सेकंद थिजायचं. पुन्हा हलेपर्यंत गाडी भिंतीत.

"दुकानातून जुळवलेलं मशीन घेऊन येते," बायको म्हणाली. "एका दिवसाचं काम आहे."

"जुळवलेलं म्हणजे त्याच्या गोदामात जे पडून आहे ते," मी म्हणालो. "एक भाग चांगला घालायचा आणि त्याच्या आडून दोन भाग खपवायचे. आम्ही रोज बघतो. तू हे माझ्यावर सोड."

"तुम्हाला ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते माहीत आहे का?"

"मला लिफ्ट म्हणजे तरी कुठे माहीत होतं?"

ती आमच्या ऑफिसात येते तेव्हा जिन्याने येते.

"रविवारी चारला मशीन चालू पाहिजे," एवढंच ती शेवटी म्हणाली. "बाकीच्या तिघी माझ्या भरवशावर आहेत. आणि मी तुमच्या."

हे वाक्य ऐकून माझी छाती इंचभर फुगली, हे मी लपवणार नाही. मी त्याच रात्री कागदाला कागद चिकटवून तुलनात्मक तक्ता आखायला बसलो.

तुलनात्मक तक्ता म्हणजे काय, हे ज्यांनी सरळमार्गी आयुष्य काढलं त्यांना सांगायला हवं. आमच्या ऑफिसात त्याच्याशिवाय झाडूसुद्धा आत येत नाही. डावीकडे वस्तू, वर दुकानं, मधल्या चौकटींत मार्क. ज्या वस्तूत जो पहिला, त्याच्याकडून ती वस्तू. खुर्च्या एकाकडून, टेबलं दुसऱ्याकडून, कपाटं तिसऱ्याकडून. आजवर आमच्या एकाही खुर्चीने परक्या दुकानाच्या टेबलाशी बसायला नकार दिलेला नव्हता.

प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू असतो, म्हणून त्याला मी वेगावर मार्क दिले. ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं, त्याला मेमरीवर आणि पंख्यांच्या संख्येवर. मदरबोर्ड ही एक मोठी पाटी असते, तिच्यावर हे सगळे बसतात. तिचे गुण कशावरून ठरवायचे ते मला लवकर सुचेना. शेवटी मी खाचा मोजल्या आणि जास्त खाचांना जास्त मार्क दिले. तांत्रिक समितीचं मत घ्यायचा नियम आहे, तोही मी पाळला. (समितीत मीच होतो. निर्णय एकमताने झाला.)

शनिवारी खरेदीला निघालो. पहिल्या दुकानातून प्रोसेसर घेतला. दुकानदाराने तो खोक्यासकट माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मदरबोर्ड कुठला घेताय?"

मी नुसता हसलो. बावीस वर्षांत माझ्या तोंडून एका पुरवठादाराला दुसऱ्याचं ओ की ठो कळलेलं नाही. एकदा हे सुरू झालं की संपलं. हा त्याचा भाव पाडतो, तो याच्या मालाला नावं ठेवतो.

"ते गोपनीय आहे," मी म्हणालो.

"अहो, मी आपलं विचारलं. बसायला नको का?"

"आम्ही उभेच बरे," मी म्हणालो आणि निघालो.

दुसऱ्या दुकानातलं ग्राफिक्स कार्ड तीन पंख्यांचं होतं आणि वजनाला आमच्या मिक्सरएवढं भरलं असतं. तिथल्या दुकानदाराने विचारलं, "तुमचा डबा केवढा आहे?" डबा म्हणजे कॉम्प्युटरचं बाहेरचं खोकं. ते मी जुनंच ठेवणार होतो. हा आता मला नवा डबा विकणार, हे मी डोळ्यांवरूनच ओळखलं. "पुरेसा आहे," मी म्हणालो.

तिसऱ्या दुकानात मदरबोर्ड होता. ते दुकान एक वयस्क बाई चालवत होत्या. चष्मा साखळीला, स्क्रू-ड्रायव्हर अंबाड्यात.

"यावर प्रोसेसर कुठला बसवणार?" बाईंनी विचारलं.

"बाई, तुम्ही तुमच्या मालापुरतं बोला."

बाईंनी चष्मा काढला, मला नीट पाहिलं आणि चष्मा परत लावला. "बरं. कुठला बसतो ते खोक्यावर लिहिलंय, तेवढं वाचा. आणि उद्या दोनपर्यंत मी दुकानात आहे."

सुट्टीच्या दिवशी त्या कधी दुकानात असतात हे त्यांनी मला का सांगावं, ते मला तेव्हा कळलं नाही. पण आगाऊ माहिती दिल्याबद्दल तक्त्यात मी त्यांना एक मार्क वाढवून दिला.

रविवारी सकाळी दहा वाजता मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून कामाला बसलो. बायकोने स्टिअरिंग पुसून तयार ठेवलं होतं. मदरबोर्ड उघडला. मधल्या चौकोनात बारीक बारीक सुया उभ्या होत्या. प्रोसेसर उघडून उलटा केला. त्याच्याही पोटाखाली बारीक बारीक सुया.

मी प्रोसेसर या बाजूने धरून बघितला, त्या बाजूने धरून बघितला. दोन्हीकडे सुयाच. कोणीतरी माघार घेतल्याशिवाय हे जुळणार नव्हतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. कारखान्याची चूक दिसते. पत्र लिहावं लागेल."

तिने दोन्ही खोकी उचलली. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचायची सवय असलेली बाई. तिला दहा सेकंद लागले.

"अहो, हा प्रोसेसर एका कंपनीचा आहे आणि हा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठी आहे. लिहिलंय की."

"कुठे लिहिलंय?"

"समोर. मोठ्या अक्षरात."

मी मागची बाजू वाचली होती, कारण आकडे मागे असतात. हे मी तिला सांगितलं नाही. विषय बदलावा म्हणून मी ग्राफिक्स कार्ड हातात घेतलं आणि डब्यात घालायला गेलो. ते एका बोटाने मोठं होतं.

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ऑफिसात माणसं रोज माझ्यावर रागावतात आणि मला त्याची सवय आहे. ती मात्र स्टिअरिंग मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तिघींना कळवते. माझ्याऐवजी दुसरी कोणी मिळते का बघू दे."

मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं मी तिला रोज संध्याकाळी त्या स्टिअरिंगवर घाम गाळताना बघत आलो होतो, आणि तिने एकदाच काहीतरी माझ्यावर सोडलं होतं.

"फोन करू नकोस," मी म्हणालो. "डब्याला त्या बाजूने धर."

साडेबारा वाजता बायको, जुना डबा, सगळी खोकी आणि मी असे सगळे त्या बाईंच्या दुकानात उभे होतो. आणि तिथे मी ते केलं, जे बावीस वर्षांत केलेलं नव्हतं. मी तुलनात्मक तक्ता खिशातून काढला, उलगडला आणि एका पुरवठादारासमोर ठेवला. बाईंनी तो पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत शांतपणे वाचला.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझा मदरबोर्ड आत ठेवला आणि दुसरा काढला. त्यात सुयांच्या जागी भोकं होती. प्रोसेसर त्यावर असा बसला की टक असा आवाजही झाला नाही. त्यांनी जुन्या डब्यातली एक पत्र्याची चौकट स्क्रू काढून बाहेर काढली, तेव्हा ते अवाढव्य कार्ड कसंबसं आत मावलं.

"एवढं मोठं कशाला घेतलंत?" त्यांनी विचारलं.

"तीन पंखे आहेत त्याला."

"घरात उकडतं का तुमच्या?"

बायको हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. माझ्यावर हसली, पण हसली हे महत्त्वाचं.

जुनी हार्ड डिस्क जोडली, मशीन सुरू केलं आणि पडद्यावर शर्यतीचा रस्ता काचेसारखा लखलखीत आला. मी घसा खाकरून आता दोन शब्द बोलणार, तेवढ्यात पडदा काळा झाला.

"डब्याचा मागचा पत्रा वाकलाय," बाई म्हणाल्या. "कार्ड जड आहे, स्क्रू धरत नाही. टोकाला खाली झुकलं की संपर्क सुटतो. याच्याखाली लावायचा टेकू मिळतो, पण माझ्याकडचे संपलेत. उद्या येतील. आजचा दिवस काहीतरी लावा खाली."

घरी येऊन आम्ही काहीतरी लावू लागलो. काडेपेटी बुटकी पडली. दोन काडेपेट्या घसरल्या. शब्दकोश जाड पडला. खोडरबरांचा मनोरा उभा केला, तो पंख्यांच्या वाऱ्याने पडला. पावणेचार वाजले. बायकोने घड्याळाकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं आणि मग माझ्या हाताकडे पाहिलं.

फायनल एक तास दहा मिनिटं चालली. तो सगळा वेळ मी टेबलाखाली आडवा पडून, डब्यात हात घालून, दोन बोटांवर ते कार्ड तोलून धरलं होतं. तिन्ही पंख्यांचा गरम वारा थेट माझ्या तोंडावर येत होता. शर्यत मला दिसत नव्हती, मला फक्त पॅडलवरचे बायकोचे पाय दिसत होते. पाय काय चपळ होते तिचे. ब्रेक, सोड, दाब, सोड. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी ते इतकं लक्ष देऊन कधी बघितले नव्हते.

विसाव्या मिनिटाला माझी बोटं जराशी खाली आली. वर "अगं बाई" असं ऐकू आलं.

"काय झालं?"

"दुसरी होते, पाचवी झाले. थोडं वर धरा."

मी थोडं वर धरलं. त्यानंतर मी हललो नाही. चाळिसाव्या मिनिटाला मी चहा मिळेल का एवढं विचारलं, त्याला उत्तर आलं नाही. शेवटी वरची खुर्ची जोरात मागे सरकली आणि तिच्या कानावरच्या हेडफोनमधून तीन बायका एकदम ओरडलेल्या मला टेबलाखाली ऐकू आल्या. बायको तिसरी आली होती आणि टीम एका गुणाने पहिली. तिने वाकून टेबलाखाली बघितलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"तुम्ही नसता तर झालं नसतं," ती म्हणाली.

हे खरंच होतं, दोन्ही अर्थांनी, पण मी त्यातला एकच घेतला. सोमवारी ऑफिसात मी तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितला. (बोट सुजलेलं होतं, म्हणजे पुरावाही होता.)

संध्याकाळी घरी आलो तर मशीन चालू होतं आणि डब्याचं झाकण उघडं. आत कार्डाच्या टोकाखाली बोटभर उंचीचा काळा प्लास्टिकचा टेकू उभा होता. डोक्यावर रबराची टोपी. कार्ड अगदी सरळ.

"येताना आणला," बायको म्हणाली.

"किती दुकानं बघितलीस?"

"एकच."

"म्हणजे तुलना केलीच नाहीस," मी म्हणालो. मला मनापासून वाईट वाटलं. एवढं सगळं होऊन ही बाई काही शिकली नव्हती.

"केली ना," ती स्टिअरिंग हातात घेत म्हणाली. "तुमच्याशी. हा मध्येच चहा मागत नाही."