शाई खोटं बोलत नाही

गुरुवारी दुपारी सत्यवान सरांनी नववीची वही उघडली आणि कपाळाला हात लावला. काजू कारखान्यातल्या दहा बायका, मतदान दहापैकी दहा. लिहिणारा कौस्तुभ समोर ताठ उभा होता.

"सगळ्यांच्या बोटांना काळं होतं?"

"होय सर. दहाही बोटांना."

"एकेकीच्या?"

"होय."

काजूच्या टरफलातलं तेल लागून त्या बायकांची बोटं बारा महिने काळीच असतात, हे उभ्या वेंगुर्ल्याला ठाऊक. सरांनाही होतं, पण आयत्या वेळी आठवलं नाही. कामधंदा, वय, शिक्षण यांनी मतदानाचा टक्का कसा बदलतो हे शिकवायचं, तर पुस्तक मिटा आणि गावात जाऊन बोटं बघा, असा त्यांचाच हुकूम. विचारायचं नाही, लोक थापा मारतात. "शाई खोटं बोलत नाही," हे त्यांनी फळ्यावर तीनदा लिहिलं होतं.

२००४ सालच्या विधानसभेचं मतदान आदल्याच दिवशी झालं होतं आणि शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब पाठ बघायला येणार होते. मुख्याध्यापिका प्रेमलताबाईंनी बजावलं होतं, "पाठ फसला तर पुन्हा पोरं वर्गाबाहेर जाणार नाहीत. मग तुम्ही आणि तुमचा खडू." सरांचा जीव तिथेच अडकला होता. फळ्यापुढे पेंगणारी हीच पोरं बाहेर सोडल्यावर किती तरतरीत होतात, ते त्यांनी आजच पाहिलं होतं.

"सर, माझी आई थंयच कामाक आसा," बाकावरून सृष्टी म्हणाली. "तिला विचारूया."

संध्याकाळी कारखाना सुटताना सर कौस्तुभ आणि सृष्टीला घेऊन दारात उभे राहिले. सृष्टीची आई मथुरा सगळं ऐकून हसली.

"मास्तरांनु, काल बूथावरच्या सायबानपण ह्याच केल्यान. माझा बोट बघून म्हणता, 'बाई, तुमचं मतदान झालंय.' मिया धाय बोटां टेबलार ठेवलंय. म्हटलंय, 'मगे धा येळा झाला काय?'"

"मग?"

"मगे काय, सायब गप झालो. काजी फोडताना करंगळी जास्त लागना नाय, ती तेवडी जरा गोरी ऱ्हवता. थंय लाव म्हटलंय." तिने डावी करंगळी पुढे केली. शाईची रेघ ठसठशीत होती. "आमी सगळ्यो कामार येवच्या आधी एकदम गेलंव. येकटी जावक निघाली तर ऱ्हवताच."

सरांनी दहा करंगळ्या पाहिल्या. नऊ शाईच्या. दहावी, तुळसाची, कोरी. तिचं नाव यादीतच नव्हतं, तरी ती तासभर रांगेत उभी राहून आली होती. सरांना या बायकांचं फार कौतुक वाटलं आणि स्वतःची थोडी लाजही. पुस्तकाच्या भरवशावर त्यांनी तक्त्यावर आधीच पेन्सिलीने खांब आखून ठेवले होते. राबणाऱ्या बायकांचा बुटका, शिक्षकांचा सगळ्यांत उंच. तो तक्ता त्यांनी सृष्टीच्या हातात दिला.

"हे सगळं खोड. तूच भर आणि उद्या तूच समजाव."

शुक्रवारी सृष्टीने असं काही समजावलं की साहेब मान डोलवायचे थांबेनात. एकेकटी जाणारी मागे राहते, एकत्र निघाल्या की टक्का चढतो, हे तिने करंगळीसकट सांगितलं. सरांची छाती फुगली.

"शेवटचा खांब दिसतच नाही, तो कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"तो शिक्षकांचा. सकाळी मी शिक्षकखोलीत हजेरीपट द्यायला गेले तेव्हा सगळ्यांची बोटं बघितली. शून्य."

सर घाईने म्हणाले, "साहेब, आम्ही सगळे निवडणूक ड्यूटीवर होतो. टपाली मतदानाला शाई नसते."

"मग टपालाने दिलंत?" साहेब म्हणाले.

सरांचा फॉर्म टेबलाच्या खणात कोराच पडला होता. फोंडाघाटच्या केंद्रावर दिवसभर दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावून ते परतले होते. "नाही," ते खरं बोलले. मागे बसलेल्या प्रेमलताबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"पण शिक्षक नऊच झाले," सृष्टी म्हणाली. "दर गटात दहा लागतात. साहेब, तुमचं बोट बघू?"

साहेबांचा डावा हात खिशात गेला. उजव्या हाताने त्यांनी शेरेबुक ओढलं आणि झरझर लिहिलं, "पाठ उत्कृष्ट. विद्यार्थ्यांना वारंवार वर्गाबाहेर न्यावे." जीप फाटकाबाहेर पडेपर्यंत डावा हात खिशातच होता.

प्रेमलताबाईंनी शेरा दोनदा वाचला.

"न्या पोरांना खुशाल बाहेर," त्या म्हणाल्या. "पण बोटंसुद्धा बाहेरचीच बघायची."