उसन्या गड्याची हकीकत

गणरायास नमन, ग्रामदैवतास नमन, आणि माळावरच्या दगडी रोलरासही नमन, की त्याने आजवर कोणाची बाजू घेतली नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघमास. संवत्सर नावास जागले.

राज्य म्हणजे माळावरचे क्रिकेट मंडळ, आजोबांच्या अमदानीपासूनचे. दौलत दोन बॅटी आणि एक उसवलेली मॅट, आणि कीर्ती खेळाची नव्हे, रिवाजाची. रिवाज ऐसा की परगावची फौज एक गडी कमी घेऊन आली तर आपला राखीव गडी उसना द्यावा, आणि त्याने त्या दिवसापुरते पाहुण्यांचे मीठ खाल्ले समजून आपल्याच लोकांविरुद्ध जीव तोडून खेळावे, आणि मग दोन्ही फौजांनी एका पंगतीस बसावे. उसने जाण्याचा मान बहुतकरून सखोबा घारे गवंडी यांचा. वय झाले, गुडघे गेले, परंतु आदितवारी माळावर उभे राहिल्याशिवाय त्यांस अन्न गोड लागत नसे.

त्या आदितवारी नदीपलीकडचे इब्राहीमभाई दहा गडी घेऊन आले, आणि सखोबा उसने गेले. मग खेळ रंगला, आणि शेवटच्या चेंडूवर आमच्या राज्यास दोन धावा हव्या असता अध्यक्ष भगवंतराव यांचे चिरंजीव ऋतुराज यांनी नवे ग्लोव्हज घालून चेंडू आभाळात धाडिला, आणि सखोबा धावले, तोंडावर पडले, परंतु झेल सोडिला नाही. पाहुणे जिंकले. रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजू लागल्या, तों अध्यक्ष कडाडले, "सख्या, खाल्ल्या ताटात घाण केलीस!"

सखोबा कोपराची माती झाडीत बोलिले, "अध्यक्ष, आज ताट त्येंचं व्हतं. झेल सोडला असता तर रिवाज सुटला असता."

"फितूर लेकाचा! आजपासून मैदानात पाय ठेवायचा नाही."

आणि आमचे अकरा शूर, ज्यांच्या घरांच्या भिंती सखोबांनी उभारल्या, ते खाली वाकून बुटांचे बंद बांधू लागले. किती वेळ बांधावे बंद! निम्म्यांच्या पायांत तर चपला होत्या. धिक्कार असो.

पंगतीच्या भाकरी थापणाऱ्या यमुनाबाई, सखोबांचे कुटुंब, पिठाच्या हातांनी पुढे आल्या आणि बोलिल्या, "अध्यक्षसाहेब, तुमच्या पोराला चेंडू खाली ठेवता येईना, त्याला माझा नवरा काय करील?"

"बाईमाणसानं मंडळाच्या कारभारात बोलू नये."

"मग बाईमाणसाची भाकरी कारभारात चालती कशी?"

यावर अध्यक्ष अधिकच रागावले.

पुढील आदितवारी इब्राहीमभाई पुन्हा आले, पुन्हा दहाच गडी, मुद्दाम. सखोबा धुतलेले पांढरे कपडे घालून कुंपणाबाहेर बाभळीखाली बसले होते. कोणी बोलाविले नव्हते. आदितवार होता, इतकेच.

"एक गडी कमी हाय," इब्राहीमभाई बोलिले. "सखोबा द्या."

"दुसरा कोणीही न्या," अध्यक्ष बोलिले.

"आम्हाला सखोबाच पायजेत."

"मग ऐका. उसनं देणं आजपासून बंद!"

आणि अकरा शूर पुन्हा बंदांकडे वाकले. मग इब्राहीमभाईंनी टॉसचे नाणे खिशात घातले, गडी टेम्पोत चढविले, आणि कोणी तरी पुटपुटले, "जेवून तरी जावा."

"ज्यानं आमच्यासाठी तोंड फोडून घेतलं तो कुंपणाबाहेर, आणि आम्ही पंगतीला? घास उतरंल का, भाऊ?" आणि मग बाभळीकडे हाक गेली, "सखोबा, चला! आमच्याकडंबी माळ हाय!"

सखोबा उठले, मॅटीकडे एकवार बघून टेम्पोत चढले. यमुनाबाईंनी भरिताचे पातेले आत सरकविले, भाकरींची पाटी मांडीवर घेतली आणि नवऱ्याशेजारी बसल्या. बावीस माणसांचे जेवण नदीपार गेले.

सारांश, अध्यक्षपद कायम आहे, चिरंजीव सलामीस उतरतात, शूरांचे बंद घट्ट आहेत. विरुद्ध खेळावयास कोणी येत नाही, सबब राज्य अजिंक्य आहे.